गळ्यातला हातीफॅक

पवनार
गुरुवार, दुपार

गजूच्या बाबांना,
शांताचा नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? तिकडे उकिडवं बसून खोदावं लागत नसेल, अशी आशा करते. मामंजींचा खोकला थांबला का? आत्याबाईंच्या पायाची सूज उतरली का? मोठ्या जाऊबाईंना आता ऐकू येतं, की तिकडेही ओरडूनच बोलावं लागतं? इकडे गजू बरा आहे, सून बरी आहे. माझंच थोडं सांगायचं आहे, म्हणून हे पत्र.

मी लिहिते याचं नवल वाटलं ना? तुम्ही गेलात तेव्हा मला सहीपुरतीच अक्षरं येत होती. पुढची मी किराण्याच्या पुड्यांवरून शिकले. साखर डब्यात ओतायची आणि कागद मांडीवर घ्यायचा. त्यावरची बातमी अर्धीच असायची. अर्ध्या गोष्टींची मला तेव्हापासून सवय आहे. पण ही एक मला सोडवत नाही.

सोमवारी वर्ध्याला छातीचा फोटो काढला. दम लागत होता, गजू ऐकेना. फोटो काढणाऱ्या भाऊने विचारलं, “माय, गळ्यात काई हाय का?”

“रिकामा दोरा हाय.”

“दोऱ्याचं काई येत नाई फोटोत. राहू दे.”

मग आतून पडदा बघून तो बाहेर आला. “मनी काऊन नाई काढला, माय?”

मी दोरा पुढे केला. त्याने गाठीपासून गाठीपर्यंत चाचपून पाहिला आणि दुसरा फोटो काढला. मणी तिथेच होता. गळ्याच्या हाडाखाली, गोल, पांढरा, मधे काळं भोक. पहिल्या फोटोत सरळ होता, दुसऱ्यात जरासा कललेला. श्वास घेतला की गळ्यातला मणी कलतो ना, तसा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजी, घाबरू नका. हा आर्टिफॅक्ट आहे.”

तुमचा शब्द, इतक्या वर्षांनी, परक्या तोंडून!

टेकाडावर जुन्या काळच्या वस्तीचं खोदकाम चाललं होतं, तेव्हा तुम्ही तिथे फावडं मारायला जायचात. तिथल्या खोदकामवाल्या बाईंनी मजुरांना खड्ड्याच्या काठावर बसवून सांगितलं होतं, माणसाच्या हाताने घडवलेली वस्तू म्हणजे आर्टिफॅक्ट. नदीने गोल केलेला गोटा टाकून द्या, माणसाने धार लावलेला ठेवा. तुम्हाला त्यात ‘हात’ ऐकू आला. घरी आलात ते हातीफॅक म्हणतच. मग महिनाभर दुसरं बोलणं नाही. पळसाचं पान हातीफॅक नाही, पत्रावळ हातीफॅक. माझ्या भाकरीवरची बोटं दाखवून म्हणायचात, “हे पाय, पक्कं हातीफॅक.”

“अन् मी?”

“तुले घडवून तं तुही मायच पस्तावली.”

आणि मग ती संध्याकाळ. तंबाखूच्या डबीतून तुम्ही तांबडा मणी काढलात, बोराच्या बीएवढा. काळ्या दोऱ्यात ओवूनच आणला होता.

“घाल वं.”

“कोनाचा हाय?”

“लय जुन्या काळच्या एका बाईचा. तिले आता नाई लागत.”

“नाई लागत, हे तिनं तुमाले सांगतलं?”

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. मी गजूसमोर तुम्हाला चोर म्हटलं. तुम्ही मणी काढून घेतलात, दोरा चुलीजवळ ठेवलात. दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन म्हणालात, “देला खोदकामवाल्या बाईले.” मी म्हटलं, “देला का लपवला, तुमचं तुमाले ठाव.” त्यानंतर आपल्या घरात तो शब्द कोणी काढला नाही. तुम्ही भाकरी खायचात, पण तिच्यावरची बोटं बघायचं सोडलंत. का नाही भांडलात हो माझ्याशी?

तुमचं तेरावं झाल्यावर तो दोरा मी गळ्यात घातला. तसाच, रिकामा.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “हा कोणाच्या हातचा म्हणायचा?” त्या हसल्या. “कोणाच्याच नाही, आजी. फोटोत उगाच काहीतरी उमटतं, त्याला म्हणतात. खरं तिथे काही नसतं.”

शब्द एकच ना? मग टेकाडावर त्याचा अर्थ ‘इथे कोणीतरी होतं’ आणि दवाखान्यात ‘इथे काही नाही’, असं कसं? गजूला मोबाईलमध्ये बघायला लावलं. दोन्ही अर्थ निघाले, एकाखाली एक.

तेव्हापासून वाकले की काहीतरी गार छातीवरून पुढे लोंबतं आणि उभी राहिले की जागेवर येऊन टेकतं. काल पाण्याच्या हंड्यावर वाकले, तर काठाला टक् वाजलं. सून म्हणाली, “माय, बांगडी फुटंन, सांभाळून.” माझ्या हातात बांगडी नव्हती.

तुम्ही मणी बाईंना दिला होता ना? दिला असेल तर मी चुकले, आणि ते कबूल करायला मला जागाही ठेवली नाहीत तुम्ही. दिला नसेल, तरी चोर म्हणायला नको होतं. पण खरी भीती वेगळीच आहे. हा तुम्ही धाडला, की ती बाई आपला मणी शोधत माझ्या गळ्यापर्यंत आली?

येत्या सोमवारी परत बोलावलं आहे. गळ्यात काही आहे का, असं विचारतील. या वेळी मी ‘आहे’ म्हणेन. काढा म्हणाले तर काढणार नाही. हे माझं वचन.

फक्त कोणाचा म्हणून सांगू, तेवढं त्याआधी कळवा. उत्तर लवकर लिहा. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, ठाऊक आहे मला. आज चूल सारवली आहे आणि डाव्या बाजूला ओल्या मातीत हातभर जागा कोरी सोडली आहे. अंगठा उमटवलात तरी ओळखीन.

तुमची,
शांता