विचारून काढलेली चित्रं

उधना, सुरत
२१ सप्टेंबर १९९७

प्रिय सुंदरा,

तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. ही तक्रार नव्हे. तुझ्या श्रीरंगरावांनी आमच्या शेजारच्या दुकानात फोन करून कळवलं होतं, की तू बरी आहेस, जेवतेस, माझी पत्रं कपाटात नीट ठेवतेस, पण फोडत नाहीस. हे तरी फोडशील की नाही, ठाऊक नाही. आज रविवार. ह्यांना पहिली पाळी आहे, मुलं शेजारी टीव्ही बघायला गेली आहेत, आणि शाळेतली एक हकिकत कधीची मनात घोळते आहे. ती तुलाच सांगायची आहे.

माझ्या तिसरीच्या वर्गात विशाखा म्हणून एक मुलगी आहे. वडील पोपट बमरोलीच्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये, आई काशीबाई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम आणते. विशाखाही शाळेतून आली की आईसोबत बसायची. बोटं अशी चालायची की काशीबाई म्हणे, माझ्या दोन साड्या होतात तोवर हिच्या तीन होतात. जुलैमध्ये एके सकाळी ती स्टोव्हवरून उकळत्या पाण्याचं पातेलं उतरवायला गेली आणि ते दोन्ही हातांवर आलं. सरकारी दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात ठेवलं होतं. मी भेटायला गेले तर कोपरापर्यंत पट्ट्या, तोंड भिंतीकडे. काशीबाई पदराने डोळे पुसत एवढंच म्हणाली, "मनी पोर बोलस नही, बाई." नर्स चंचलबेन मला बाहेर नेऊन सांगू लागल्या, की जखमा भरताहेत, पण पोरगी बोटं हलवू देत नाही. अशीच राहिली तर बोटं आखडतील, मग पुढे कठीण.

मी कशी आहे ते तू लहानपणापासून जाणतेस. कुणाला दुःखात बघितलं की मला बसवत नाही, लगेच कामाला लागते. दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगितलं, की आपण विशाखासाठी चित्रं करायची, अशी छान की तिला हसूच येईल. आमच्या मुलांच्या घरी रंगपेटी क्वचितच असते, पण बाकी काय नसतं? साड्यांच्या घडीतले पुठ्ठे आले, लेसचे तुकडे आले, सांडलेल्या टिकल्या, जरीचा दोरा, कुणाच्या बापाने मिलमधून आणलेल्या रंगीत चिंध्या आल्या. बेचाळीस मुलांनी बेचाळीस चित्रं केली. पतंग उडवणाऱ्या पोरी, टिपऱ्या घेऊन गरबा खेळणाऱ्या पोरी, मेंदी काढलेले तळहात. वर्ग नुसता चमचम करत होता. मला इतका अभिमान वाटला की ती सगळी दोरीला टांगून मी तिच्या खाटेसमोर लावली आणि म्हटलं, "बघ, तुझ्या मैत्रिणींनी काय पाठवलंय. हस बघू एकदा."

तिने एक एक चित्र बघितलं. शेवटपर्यंत बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

खरं सांगू? मला तिचा राग आला. पोरांनी एवढ्या मायेनं केलं आणि हिला त्याचं काहीच नाही, असं बसमध्ये घरी येईपर्यंत वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी खोटंच सांगून टाकलं, की विशाखाला चित्रं खूप आवडली. तेव्हा लोकेश नावाचा आमचा एक शांत मुलगा उभा राहिला. म्हणाला, "बाई, कुठलं जास्त आवडलं?" मी खडू शोधायला लागले. मग म्हटलं, बेचाळीस जणांसमोर खोटं किती ताणणार. सांगितलं, की तिला एकही आवडलं नाही, ती भिंतीकडे वळली. लोकेश तसाच उभा. म्हणाला, "सगळ्या चित्रांत हातच हात आहेत, बाई." आणि थोडं थांबून, "तिला काय पाहिजे ते तुम्ही विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी पुन्हा गेले. आधी ती दोरी काढून घेतली. मग वही घेऊन तिच्या पाठीमागे बसले आणि म्हटलं, "विशाखा, माझं चुकलं. मुलं विचारताहेत, तुला कशाचं चित्र हवंय? नको असेल तर नको म्हण." मी उठणार एवढ्यात भिंतीकडूनच आवाज आला, "म्हैस." मी विचारलं, कशी म्हैस? "मारकी. स्टोव्हला शिंगावर घेऊन उडवणारी."

काय सांगू तुला, त्या आठवड्यात आमच्या वर्गात म्हशींचा गोठा झाला. काळ्या चिंध्यांच्या म्हशी, लाल टिकल्यांच्या डोळ्यांच्या म्हशी, आणि हवेत उलटेपालटे झालेले स्टोव्ह. लोकेशने पुठ्ठ्याची म्हैस केली ती अशी, की मागचा दोरा ओढला की मान वर होते आणि स्टोव्ह उडतो. त्याचे वडील कापडाचे लूम दुरुस्त करतात, तिकडूनच हात आला असेल. विशाखाने सगळ्या म्हशी बघितल्या. धर्मेंद्रच्या म्हशीची शेपटी लांब आहे म्हणाली. एकीला शिंगं गाईची आहेत म्हणाली. मी सगळं वहीत लिहून घेत होते, मुलांना सांगायला. मग लोकेशच्या म्हशीकडे बघत राहिली. चंचलबेननी ती पांघरुणावर उभी केली. पट्टी बदललेल्या उजव्या हाताचा अंगठा आणि एक बोट तिने हळूच पुढे केलं, दोरा पकडला, सोडला, तोंड वाकडं केलं, पुन्हा पकडला. स्टोव्ह उडाला. काशीबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, पण पोरीला दिसू दिलं नाही. रोज पंधरा वेळा स्टोव्ह उडवायचा, असा पुढे डॉक्टरांनीच नियम केला.

मग शेजारच्या खाटांनाही वाटलं, आमचं काय? मी दर शनिवारी वही घेऊन फिरू लागले. एकाला पर्वत पाटियाच्या चौकात बस चालवणारा उंट हवा होता. एकीला नुसता पिवळा रंग हवा होता, कागदभर, मध्ये काही नको. वॉर्डातली मुलं म्हणतील ते आणि तसंच करायचं, ही आमच्या वर्गाची शिस्त झाली.

खिडकीजवळच्या खाटेवर धुडकू होता. सहा वर्षांचा, हृदयाला जन्मापासून छिद्र, ओठ निळसर. नंदुरबारकडचं कुटुंब, इथे पांडेसऱ्याला राहतात. तो मला म्हणाला, "आमची खोली काढा. दारात मी उभा. आई आत भाकरी करते, ती दिसायला नको, पण धूर दिसू दे." मी विचारलं, आई का नको दिसायला? म्हणाला, "ती आत आहे ना. मला माहीत आहे." आमच्या मुलींनी ती खोली फार मन लावून केली. धुरासाठी कापूस पिंजून लावला.

पुढच्या शनिवारी खिडकीजवळची खाट रिकामी होती. चादरही बदललेली. चंचलबेननी मान हलवली, मी समजले. चित्र घाईघाईने पिशवीत सारलं. त्याची आई धुरपदाबाई राहिलेलं सामान न्यायला आली होती, कोपऱ्यात ताट-वाटी बांधत होती. मला वाटलं, हिला ते दिसायला नको, नाव काढायला नको, जखमेवर मीठ कशाला. मी मान खाली घालून निघाले, तर तिनेच हाक मारली. "बाई, माझ्या धुडकूनं तुमच्याकडे काही सांगितलं होतं ना?"

मी चित्र काढून दिलं. तिने ते मांडीवर घेतलं, त्या कापसावर बोट ठेवलं आणि विचारलं, "काय म्हणाला होता?" मी सांगितलं. ती म्हणाली, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. "आत आहे ना, असंच म्हणाला?" हो, म्हटलं, असंच. मी तिसऱ्यांदा सांगितलं, तर ती हसत होती, सुंदरा. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ती हसतेय. म्हणाली, "चार दिवस झाले, माझ्यासमोर कुणी त्याचं नावसुद्धा घेत नाही. तो नव्हताच की काय, असं वाटायला लागलं होतं मला."

ह्याला पंधरा दिवस झाले. विशाखा घरी गेली, परवापासून वर्गातही येते. उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण उघडत नाहीत, पेन्सिल वेगळीच धरते, अक्षर मोठं येतं. पण आता तीच लोकेशसोबत वॉर्डासाठीची चित्रं तपासते आणि फार कडक तपासते.

आणि तेव्हापासून मनाने मी रोज तुझ्या घरात असते. मागच्या कार्तिकात तुझी लेक सोनाली गेली आणि मी दोंडाईच्याला आले, तेव्हाही मी अशीच कामाला लागले होते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुला जरा डोळा लागला होता. मी तिची पाटी, भिंतीवरचा फोटो, सगळं माळ्यावर टाकलं. तिचे फ्रॉक बोहारणीला घातले आणि बदल्यात घेतलेला स्टीलचा डबा तुझ्याच फळीवर ठेवून आले. मला वाटलं, डोळ्यांसमोर काही राहिलं नाही की तू लवकर सावरशील. तू उठलीस आणि फळीकडे बघत राहिलीस. त्यानंतरच्या तिन्ही पत्रांत मी तुला नवं ब्लाउज शिव, देवळात जा, मन गुंतव असंच लिहिलं. सोनालीचं नाव एकदाही लिहिलं नाही. ते फ्रॉक आता मी कुठून आणू? मला माफ कर असं म्हणायचीही माझी हिंमत नाही, पण म्हणते. आमची दिवाळीची सुट्टी पंचवीस ऑक्टोबरला लागते. मी येऊ का, एवढं विचारायला हे पत्र लिहिलं. आले तर कशाला हात लावणार नाही, काही समजावणार नाही. तुझ्याजवळ बसेन, आणि तुला वाटलं तर तू मला सोनालीचं सांग, ती काय म्हणायची, कशी म्हणायची, कितीही वेळा. नको वाटत असेल तर पोस्टकार्डावर 'नको' एवढंच लिही. तेही मी ऐकेन.

तुझीच,
लीलाताई