तंबोऱ्यासाठी ओल

नवागाम, सुरत
१० मार्च १९९६

ती. पंडितमामांना गायत्रीचा शि. सा. न.

इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे. पण माय खुशाल नाही. भाऊबीजेला तुम्ही बनवून आणलेल्या तंबोऱ्याच्या तबलीला, भोपळ्यावरच्या त्या फळीला, चीर गेली. अण्णा म्हणाले, हिनंच उन्हात ठेवला. मायचं डोकं भिंतीवर आपटलं, तीन टाके पडले. मी तिथंच उभी होती. माझा आवाज निघतो का, तुम्हाला माहीत आहे. हजेरी देता येईना म्हणून तर सातवीत शाळा सोडली.

मी मागासाठी धाग्याची कांडी भरते त्या कारखान्यात हवा सुकली की धागा तुटतो, म्हणून फवारा सोडतात. घरासाठी पण तशी छोटी मशीन मिळते. एक गरम वाफ काढते, एक थंड धुकं. दुकानदार म्हणाला, बेन, गरमवाली लई जा, सर्दीला पण चालते. कोणती घेऊ? पत्र्याचं घर दुपारी तव्यासारखं तापतं. अजून एक चीर गेली तर अण्णा मायला सोडणार नाहीत.

माया आहेच, उत्तर पण असू द्या.
तुमची गायत्री

पारोळा, १७ मार्च

चि. गायत्रीस आशीर्वाद.

मुके, कागदावर बरी चुरुचुरु बोलतेस! गरमवाली घेऊ नको, वाफेनं सरस सुटतो, सांधे उघडतात. थंडवाली घे. पाणी उकळून गार केलेलं घाल, नाहीतर लाकडावर पांढरी पूड बसेल. तंबोऱ्यापासून चार हात लांब ठेव. लीलाला म्हणावं, गणपतरावांच्या समोर उलटून बोलू नकोस. माझी बहीण सोसणारी आहे.

पंडितमामा

नवागाम, २ एप्रिल

ती. मामा, शि. सा. न.

थंडवाली आणली. कारखान्यातल्या प्रमिलाबाईंच्या ओळखीनं जुनी मिळाली. चार हात मोजून ठेवली, पाणी उकळलं. आठ दिवस धुकं सोडलं, आमच्या गोधड्या पण ओलसर झाल्या. तरी काल भजनात अण्णांनी तार छेडली आणि मंडळींसमोर तबली कडकन उलली. कोणीतरी हसलं.

घरी येऊन अण्णांनी मशीन आपटली. तिची वायर उपटून मायला मारलं. पाठीवर वळ नाहीत मामा, चामडी गेली आहे. तिला पालथं निजावं लागतं. मशीन निवडण्यात माझं काय चुकलं, तेवढं कळवा.

गायत्री

पारोळा, ९ एप्रिल

चि. गायत्री,

तुझं काही चुकलं नाही. भाऊबीजेला तंबोराच पाहिजे, नाहीतर लीलाला माहेरी पाठवणार नाही, असा निरोप गणपतरावांनी धाडला होता. माझ्याकडे सुकलेलं लाकूड नव्हतं. तेव्हा तीनच महिने आधी कापलेली ओली फळी मी तबलीला लावली. ती सुकताना फाटणारच होती, कोणतीही मशीन आणली असती तरी. तू पहिलं पत्र टाकलंस तेव्हाच मला कळलं होतं. लाजेनं लिहिलं नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखव. मार माझ्या नावावर जाऊ दे.

तुझा अपराधी,
पंडित

नवागाम, २२ एप्रिल

ती. मामा, शि. सा. न.

तुमचं पत्र मी अण्णांना वाचून दाखवलं. मोठ्यानं. शेजारच्या पुष्पाबाई दारात येऊन ऐकत होत्या, तरी आवाज निघाला.

अण्णा म्हणाले, भाऊ लबाड तर बहीण कुठली खरी? आणि त्याच पाठीवर लाथ घातली. खपली निघाली, रक्त आलं. परत पाय उचलला तेव्हा मी तंबोरा दांडीला धरून उचलला. त्यांनी हात आडवा केला. भोपळा फुटला, मनगट पण फुटलं. माय माझ्यावरच ओरडली आणि पदर फाडून त्यांचा हात बांधला.

आता उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. माय त्यांना घास भरवते. खाता खाता ते सांगतात, हात मोकळा झाला की आधी पोरगी, मग तू. माय पुढचा घास कालवते.

डॉक्टरनं सहा आठवडे सांगितलेत, त्यातला एक गेला. तुमच्याकडे जाऊ म्हटलं तर माय हो म्हणत नाही. पण काल तिनं दोन लुगडी वेगळी काढून उशाला ठेवली, आणि मला विचारलं की पारोळ्याला अजून तीच एस.टी. जाते का.

नुसता लोभ नको मामा, प्लास्टर निघायच्या आत या.
गायत्री