खुर्चीतला ठिपका

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर बघून हे फाडायला निघाली असशील तर थांब. एवढा एक परिच्छेद वाच आणि मग काय हवं ते कर. बाबा घरी नाहीत. मंगळवारी दुपारपासून नाहीत आणि आज शुक्रवार आहे. तुझ्या फोनवर ते घरीच दिसत असतील, किंवा आता फोन बंद पडलाय म्हणून ‘शेवटचं ठिकाण’ म्हणून आपलं घर दिसत असेल. ते खोटं आहे. नकाशावरचा तो ठिपका म्हणजे बाबा नाहीत, तो मी बसवलेला आहे. पत्र घेऊन आलेला माणूस पार्सलच्या गाडीचा ड्रायव्हर आहे, माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. तू वाचून फोन लावेपर्यंत दारातून हलायचं नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. त्याला निदान पाणी विचार.

पत्र का, असं म्हणशील. अगं, तुला गाठायला मी काय काय केलं ते माझं मलाच माहीत. माझा नंबर तू बंद केलास, ते एक समजू शकतो, मी बोललोच होतो तसं. पोलीस चौकीतून लावला, मेडिकलवाल्याच्या फोनवरून लावला, वाजतच नाही. वाजेल कसा? यादीत नसलेला कुठलाही नंबर तुझ्या फोनवर वाजायचा नाही, ही सोय मीच तुला करून दिली होती ना, मोठ्या रुबाबात! दाजी जहाजावर, तुझ्या शाळेला सुट्टी, शाळेच्या फोनवर नुसती टेप वाजते. हवालदार म्हणाले तुमच्या तिकडच्या चौकीला कळवतो. ते अजून कळवताहेत. राहिल्या शेजारच्या काकू. त्यांचा नंबर तुझ्या यादीत आहे म्हणून मंगळवारी संध्याकाळी त्या बाबांना शोधायला खाली गेल्या असताना त्यांच्या फोनवरून मीच लिहिलं, बाबा सापडत नाहीत, लगेच फोन कर. तुझं उत्तर दोन मिनिटांत आलं. नकाशाचा फोटो, त्यात आपल्या घरावर हिरवा ठिपका, आणि खाली तू लिहिलं होतंस, बारक्या, तुझी भाषा मी ओळखते, बाबांना मध्ये घालून समेट करायचे असले खेळ बंद कर. मग काकूंचाही नंबर बंद. माझीच कारागिरी माझ्या तोंडावर फेकलीस आणि तुला ते माहीतही नव्हतं.

आता ती कारागिरी काय ते सांगतो. बाबांना विसरायला होतंय हे पहिल्यांदा तुझ्या लक्षात आलं, माझ्या नाही, मी एका घरात राहून. तू आलीस, गोळ्यांची ती कप्प्यांची डबी आणलीस, त्यांच्या फोनवर ते ठिपक्याचं ॲप टाकलंस आणि गेलीस. बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जन्मभर लोकांच्या पाण्याच्या मीटरचे आकडे लिहून घेतले, आता माझा आकडा माझीच पोरगी लिहून घेणार का, असं दिवसभर चाललेलं. महिनाभर मी ऐकून घेतलं. मग एका रविवारी त्यांचा फोन हातात घेतला आणि रूट केला. तुला यातलं कळत नाही म्हणून सांगतो. फोन आपण विकत घेतो, पण त्यात आपण भाडेकरूच असतो. काही खोल्यांना कंपनीचं कुलूप असतं. रूट केला की सगळ्या किल्ल्या आपल्या हातात येतात. मग कुठल्या ॲपला काय दाखवायचं, काय नाही, ते आपण ठरवायचं.

त्या दिवशी आम्ही दोघांनी काय मजा केली म्हणून सांगू. एकेक ॲप उघडून मी बाबांना दाखवत होतो, हे काय काय मागतंय बघा. टॉर्चच्या ॲपला त्यांच्या ओळखीच्या लोकांची यादी हवी होती. बाबा म्हणाले, उजेड पाडायला माझ्या ओळखी कशाला लागतात याला? हसून हसून आम्हाला ठसका लागला. मी त्यांना शिकवलं की परवानगी नाकारायची नाही. नाकारली की ॲप कुरकुर करतं, बंद पडतं, मालकाला जाऊन सांगतं. त्यापेक्षा हो म्हणायचं आणि खोटं द्यायचं. यादी मागितली तर रिकामी यादी द्यायची. आवाज मागितला तर नुसती शांतता. बाबा एकदम खुलले. म्हणजे या टॉर्चला वाटतंय की मला जगात कुणीच नाही, असं म्हणाले आणि परत हसले. तेव्हा ते वाक्य मला विनोदी वाटलं होतं.

मग तुझं ॲप आलं. लोकेशन बंद केलं असतं तर तुला लगेच निरोप गेला असता आणि तू पहिल्या गाडीने येऊन माझा कान पिळला असतास. म्हणून ते चालूच ठेवलं. बाबा उठून आंघोळीला गेले, तेव्हा त्यांच्याच खुर्चीत बसून त्या जागेचे आकडे घेतले आणि पक्के केले. इथून पुढे फोन कुठेही असो, तुझ्या ॲपला आणि बाकी सगळ्यांनाही तो त्या खुर्चीतच दिसणार. नुसता गोठलेला ठिपका तुला खटकला असता, म्हणून त्याला थोडं हलतं ठेवलं. दहा-बारा पावलं इकडे, दहा-बारा तिकडे. आठवतं, तू एकदा लिहिलं होतंस, आज बाबा तीनदा गॅलरीत गेले, बरं वाटतंय ना त्यांना? मी ते वाचून दुकानात एकटाच हसलो होतो. काय हुशार माणूस मी!

मंगळवारी साडेसातला घरी आलो तर दार नुसतं लोटलेलं. चष्मा टेबलावर, फोन नाही, बाबा नाहीत. नोकरीतली ती लांब टॉर्चही खुंटीवर नव्हती. मीटर बघायला जिन्याखाली घुसायचे तेव्हा न्यायचे ती. फोन लावला, वाजत राहिला. दहा वेळा वाजला तर ते दोनदा उचलतात, तुला माहीतच आहे. आठला चौकीत गेलो. तिथल्या तरुण पोलिसाने पहिलं काम काय केलं? मला बाबांच्या खात्यात शिरायला लावलं आणि फोन कुठे आहे ते बघितलं. ठिपका घरी. तो म्हणाला, अहो, घरातच आहेत, नीट बघा, म्हातारी माणसं कुठेही जाऊन बसतात. दोन पोलीस माझ्याबरोबर आले. पलंगाखाली बघितलं, कपाटं उघडली, गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीत टॉर्च मारली. बिल्डिंगमधली सगळी माणसं जिन्यात उभी. आणि मी, ताई, मी त्यांच्या मागेमागे फिरत होतो आणि मला माहीत होतं की तो ठिपका खोटा आहे.

मी बोललो नाही. साडेतीन तास बोललो नाही. दर मजल्याला ठरवत होतो की आता सांगतो, आणि पुढच्या मजल्याचा जिना चढत होतो. इतक्या लोकांसमोर कसं सांगायचं की बापाच्या फोनमध्ये मी स्वतःच्या हाताने खोटं भरलंय? वाटत होतं, एवढ्यात बाबा येतील जिन्यावरून, काय तमाशा लावलाय म्हणून ओरडतील, आणि सांगायची वेळच येणार नाही. शेवटी काकूंनी माझा चेहरा बघितला, हाताला धरून आत नेलं आणि काय ते बोल म्हणाल्या. तेव्हा फुटलो. बाहेर येऊन पोलिसांनाही सांगितलं. त्यानंतर त्यांनी मोबाइल कंपनीकडे विचारलं. फोन शेवटचा बोलला तो गावाच्या पलीकडच्या टॉवरशी, पण त्या टॉवरच्या हद्दीत अर्धं गाव येतं. आणि तो बोलला रात्री पावणेअकराला. म्हणजे आम्ही टाकीत टॉर्च मारत होतो तेव्हा फोन चालू होता, कुठेतरी, त्यांच्या खिशात.

तीन दिवस फिरतोय. दवाखाने झाले, बस स्टँड झाला, नदीकाठ झाला. तेही बघितलं, काय करणार. दुसरा कुणाचा बाप असता तर चार ठिकाणं असती, मित्राचं घर, बाग, वाचनालय. आपल्या बापाने पस्तीस वर्षं या गावातल्या प्रत्येक जिन्याखाली वाकून मीटर वाचलाय. कुठला जिना त्यांचा नाही? मी दारं वाजवतो, फोटो दाखवतो, लोक म्हणतात, अरे हे तर आमचे मीटरवाले, किती वर्षांत दिसले नाहीत. मग हळहळतात. मी पुढचं दार वाजवतो. अंगात त्राण उरलेलं नाही, पण घरी येऊन बसलो की ती खुर्ची समोर येते.

भांडणाचंही बोलून टाकतो. त्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, बाबांचा ठिपका इतका शहाण्यासारखा घरात कसा बसतो, काहीतरी गडबड आहे. खरं तर तुला कळलंच होतं. आणि मी चोर तो चोर, वर तुलाच हेर म्हणालो, पहारेकरी म्हणालो, बापाला कैदी करतेस म्हणालो, बाबांच्या इज्जतीवर भाषण दिलं. तू फोन ठेवलास. ताई, ते बाबांच्या इज्जतीसाठी नव्हतं. तुला वचन दिलं होतं ना, रोज एकला दुकान बंद करून घरी जाईन, त्यांच्याबरोबर जेवेन, दुपारची गोळी समोर बसून देईन? पहिले आठ-दहा दिवस गेलो. मग जाईनासा झालो. गिऱ्हाईक असतं म्हणून, असं म्हणेन तर ते खोटं. बाबा एकच प्रश्न पाच वेळा विचारायचे, आणि पाचव्यांदा मला ओरडावंसं वाटायचं, आणि एकदा ओरडलोही. त्यानंतर दुपारी घरी जायची लाज वाटायला लागली. दुकानातच शटर अर्धं ओढून डबा खायचो. तुझ्या नकाशात बाबा दुपारी एकटे रस्त्यावर दिसायला लागले असते तर तू विचारलं असतंस, बारक्या, तू कुठे आहेस? बाबांचं नाव पुढे केलं. झाकायचं होतं ते माझं.

या पाकिटाबरोबर ड्रायव्हरकडे एक पिशवी दिलीय. तीत तुझी गोळ्यांची डबी आहे, मी हात न लावता तशीच पाठवतोय. तुझा माझ्यावर विश्वास नाही, नसू दे, डबीवर ठेव. मंगळवार दुपारपासूनचे सगळे कप्पे भरलेले दिसतील, ते बाबा नाहीत म्हणून. पण सोमवार दुपारचाही भरलेला आहे. सोमवारी बाबा घरात होते. तो कप्पा माझ्यामुळे भरलेला आहे.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. माफी मागायला लिहिलेलं नाही, तेवढा वेळ नाहीये. तू ॲप टाकलंस आणि मी फोन रूट केला, यात पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांतला ठिपका खरा होता. तेव्हा तू मला लिहिलं होतंस की बाबा दर मंगळवारी दुपारी एकाच ठिकाणी दोन तास असतात, त्यांना विचार ना तिथे कोण आहे. सोबत नकाशाचं चित्रही होतं. मी ते उघडलं नाही. त्यांचं आयुष्य त्यांना जगू दे, असं काहीतरी शहाणपणाचं लिहून पाठवलं, आणि बाबांना कधीच विचारलं नाही. आपल्या दोघांचे निरोप आठ दिवसांनी आपोआप पुसले जातील अशी व्यवस्थाही मीच केलेली, त्यामुळे ते चित्र आता माझ्याकडे नाही. माझ्याकडे काहीच नाही ताई. मी सगळं झाकून, पुसून टाकलं. तू जे बघत होतीस तेवढंच उरलंय. ॲप उघड, मागच्या तारखांमध्ये जा, त्या पाच आठवड्यांतले मंगळवार काढ, दुपारी दोन ते चार. बाबा मंगळवारीच गेलेत. ते ठिकाण जगात फक्त तुला माहीत आहे. ड्रायव्हरच्या फोनवरून लाव, मी दारात फोन हातात धरून उभा आहे. आधी ते ठिकाण सांग, आणि मग जे बोलायचं ते बोल, मी सगळं ऐकेन.

तुझाच,
बारक्या