कचऱ्यातलं टपाल

२ तारीख, गुरुवार

माऊसच्या वायरने मारलं. वायरचा वळ बारीक उठतो पण आठ दिवस जात नाही. आणि कारण काय — ब्राउझर!

शाळेतले सर दुकानात आले होते, कॉम्प्युटर दुरुस्तीला घेऊन. सहज म्हणाले, "अजून हाच जुना ब्राउझर वापरता? आमचा मुलगा म्हणतो, नवा भारी पळतो." तो हसला. "सर, फार पळतं ते लवकर तोंडावर आपटतं." सर गेले. शटर अर्धं खाली ओढलं. मग मला — "दात काढत होतीस ना मगाशी?" मी कुठे हसले! मला ब्राउझर म्हणजे काय ते तरी कुठे धड कळतं. खिडकी आहे म्हणे, जग बघायची. मला सगळ्या सारख्याच दिसतात. ह्या घरातली एक उघडली तरी पुरे.

लोकांसमोर मी नवऱ्याला 'हे' म्हणते. इथे तो. कागद काय चुगली करणार!

४ तारीख, शनिवार

कागद प्रिंटरच्या चाचणीचे आहेत. एका बाजूला रंगीत पट्टे, दुसरी कोरी. तो फेकतो, मी ठेवते. लिहून झालं की मोडक्या प्रिंटरच्या पोटात कोंबते. त्यातलं कामाचं सगळं काढून झालंय, आता त्याच्याकडे कुणी बघत नाही.

घराची पुढची खोली म्हणजे दुकान. मागे आम्ही चौघं — तो, मी, चार वर्षांची ठमी, आणि सासूबाई. सासूबाई तीस वर्षं ऑफिसात टायपिस्ट होत्या. आता कान गेलेत. डावं मनगट वाकडं आहे. "पायरीवरून पडले," म्हणतात. ह्या घराला पायरीच नाही.

सकाळी मी कचरा काढते. झाडूचा वेगळा, मेलचा वेगळा. दुकानाच्या मेलवर रोज शंभर-सव्वाशे फालतू मेल येतात, ते आपोआप एका कप्प्यात पडतात. कधी त्यात खऱ्या गिऱ्हाइकाचं पत्रही अडकतं. ते निवडायचं, बाकीचं पुसायचं. "धान्यातले खडे निवडतेस ना, तसं. तेवढंच जमेल तुला." पासवर्ड तो घालतो, तेवढा वेळ मी भिंतीकडे तोंड करायचं. मग तो आंघोळीला जातो. स्वतः त्या कप्प्यात कधी शिरत नाही. घाण म्हणतो.

घाण असेल. पण बोलतात किती गोड! प्रिय ग्राहक. आदरणीय महोदया. कुठल्या तरी राजाच्या विधवेला सगळी इस्टेट मलाच द्यायचीय. एकाला माझं टक्कल घालवायचंय. मला प्रिय म्हणणारं त्या कप्प्याबाहेर कुणी नाही.

५ तारीख, रविवार

आज काही झालं नाही. तेही लिहून ठेवावं. दुपारी तो झोपला, सासूबाई दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका कॉम्प्युटरवर पत्ते खेळत बसल्या. एवढा एकच शौक. मी ठमीच्या वेण्या घातल्या. भिंतीआडून खटखट ऐकू येत होती. बरं वाटलं.

८ तारीख, बुधवार

जेवताना तो कॉम्प्युटरच्या बातम्या मोठ्याने वाचतो. आपण हुं म्हणायचं. लवकर म्हटलं तर "काय कळलं तुला?" उशिरा म्हटलं तर "लक्ष कुठंय?"

आजची बातमी — जुना ब्राउझर आणि त्याच्यातलं मेल, दोन्ही कंपनी तीस तारखेला बंद करणार. कायमचं. "बारा वर्षं! बारा वर्षं लोकांना सांगत आलो, हाच घ्या, हाच घ्या!" ताट भिंतीवर. मग माझे केस. डोकं भिंतीला आपटलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मागे ओढलं तेवढ्यात आत सासूबाईंच्या हातून भरलेलं पातेलं पडलं. केवढा आवाज! तो बघायला गेला. "म्हातारे, हातात काही राहतं का तुझ्या?"

"काय?" सासूबाई. "काय म्हणालास?"

पाणी मलाच पुसायला लागलं. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात. पण वांग्याला दुखत नाही.

९ तारीख, गुरुवार

मूर्ख मी! करंगळी वाकत नव्हती. तो बाहेर गेला तेव्हा त्याच्या ब्राउझरात लिहून बघितलं — बोट वाकत नाही काय करावं. आणि तो ब्राउझर म्हणजे चहाडखोर शेजारीण. कुणी काय बघितलं, किती वाजता, सगळं मांडून ठेवतो. तो रोज संध्याकाळी ती यादी वाचतो.

"जगाला सांगत फिरतेस?" मग तेच बोट धरलं. आता ते वाकतं. उलट्या बाजूला.

११ तारीख, शनिवार

अक्षर वाकडं येतंय.

सकाळी कचऱ्यात एक मेल. वर लिहिलेलं — अभिनंदन! तुमची निवड झाली आहे. पुसणारच होते. उघडलं गेलं.

"तिथे काय चाललंय मला माहीत आहे. मुलीला घेऊन निघ. उत्तर पाठवू नकोस, पाठवलेलं मागे राहतं. मी आहे. वाचलं की काढून टाक."

नाव नाही. पत्ता म्हणजे नुसती अक्षरं नि आकडे, कचऱ्याला असतात तसे.

ताई! दुसरं माझं आहे कोण? माझ्या बाळंतपणात आठ दिवस राहिली होती, तिला हे घर पाठ आहे. माझा फोन त्याने भिंतीवर फोडला, ताईला दारातून हाकललं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून एक शब्द नाही. आणि आज कचऱ्यातून आली! घाणीत तो हात घालत नाही हे तिने बरोबर ओळखलं.

काढून टाक म्हणते. कसं काढू? मला आयुष्यात आलेलं पहिलं पत्र. राहू दिलं तिथेच, राजाच्या विधवेच्या शेजारी.

१५ तारीख, बुधवार

दुसरं आलं. परत अभिनंदन!

"मागच्या दाराची दुसरी चावी शिवणयंत्राच्या खणात, रिळांच्या खाली. मंगळवारी तो माल आणायला जातो. वाचलं की काढून टाक."

मंगळवारी तो शटरला बाहेरून कुलूप लावतो, मागच्या दारालाही. आम्ही तिघी आत, पिंजऱ्यातल्या उंदरांसारख्या. दुसरी चावी आहे हे मला सात वर्षांत माहीत नाही, आणि ताईने आठ दिवसांत बघून ठेवली! लहानपणीही तिचं तसंच. लपवलेला खाऊ पहिला तिलाच सापडायचा.

१८ तारीख, शनिवार

ठमीला मारलं.

की-बोर्ड मांडीवर घेऊन 'मी बाबा, मी बाबा' खेळत होती. एक बटण निघालं. त्याने तिला दंडाला धरून उचललं आणि सोडून दिलं. वरून. नुसतं सोडलं.

ती रडली नाही. ह्याचीच जास्त भीती वाटली मला. खाली पडलेलं बटण शोधलं आणि त्याला दिलं. "घ्या."

त्याने परत हात उचलला. मी मध्ये पडायच्या आधी सासूबाईंच्या हातून आरसा फुटला, दुकानाच्या दारातच. तो वळला आणि त्यांच्या कानाखाली दिली. स्वतःच्या आईच्या! त्या खाली बसल्या नि काचा वेचायला लागल्या.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. ठमीवरचं टळलं म्हणून बरं वाटलं.

२१ तारीख, मंगळवार

तो गेला. सासूबाई पलंगावर, तोंड भिंतीकडे. शिवणयंत्राचा खण ओढला. रिळं. त्यांच्या खाली चावी! गंजलेली, पण खरी.

लावली. फिरली. दार बोटभर उघडलं. समोर गल्ली, एक टेकवलेली सायकल, कुणाचे तरी कपडे वाळत होते. बस एवढंच. आणि मी बंद केलं!

भ्याले. तो कोपऱ्यावरच उभा असेल असं वाटलं. ठमीने चप्पल घातली होती, तिची चप्पल काढली. चावी परत जागेवर.

"वारा आला होता का गं?" सासूबाई भिंतीकडे बघूनच म्हणाल्या.

"नाही, आई."

"येऊन गेला असेल."

२३ तारीख, गुरुवार

तिसरं.

"मंगळवार फुकट घालवलास. भितेस ना? भीत भीत निघ, पण निघ. आता एकच मंगळवार आहे. काढून टाक."

ताई माझ्याशी असं कधी बोलली नाही. पण खरं बोलली.

२४ तारीख, शुक्रवार

एकच मंगळवार का, ते आज कळलं. जेवताना म्हणाला, नवा प्रोग्राम आणलाय, त्याला शिकवावं लागतं कचरा म्हणजे काय ते. "तीसला मी स्वतः बसणार. त्या कप्प्यातला एकेक मेल उघडून त्याला दाखवणार. हा कचरा, हाही कचरा. तोवर पुसू नकोस, जितका जास्त तितका तो हुशार होतो." मग माझ्याकडे बघून — "यंत्र शिकतं. तू नाही शिकलीस."

हुं म्हटलं. बरोबर वेळेवर.

ती तीन पत्रं तेवढी पुसायला पाहिजेत. हजारात तीन गेली तर कळायचं नाही. उद्या काढते.

२७ तारीख, सोमवार

चौथं. "उद्या पावणेअकराची गाडी. तिकीट ऑनलाइन काढलंय. खिडकीवर मुलीचं नाव सांग. काढून टाक."

पावणेअकराची म्हणजे ताईच्या गावची! ती नेहमी त्याच गाडीने जायची. आता शंकाच नको.

बोट पुसायच्या बटणावर नेलं. चारही पत्रं समोर. आणि वाटलं — का? त्याला वाचू दे! रोज बावळट म्हणतोस ना मला? तुझ्या नाकाखालून, तुझ्याच कचऱ्यातून वाट काढली मी. उघड एकेक आणि शिकव तुझ्या यंत्राला!

राहू दिली.

२८ तारीख, मंगळवार, गाडीत

निघालो!!

चावी फिरली, गल्ली तीच, सायकल तीच. ठमीला कडेवर घेतलं नि चालत सुटले. पळाले नाही, पळणाऱ्या बाईकडे लोक बघतात. खिडकीवरच्या माणसाने ठमीचं नाव ऐकलं आणि तिकीट सरकवलं. वर मान पण केली नाही.

हे कागद पोटाशी बांधलेत. गाडी हलते, रेघा उड्या मारतात.

निघताना ठमी म्हणाली, "आजी, टाटा!" मी तिचं तोंड दाबलं. मग आठवलं, त्यांना कुठे ऐकू येतंय. भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"आजीने हात हलवला," ठमी म्हणते. झोपेत हलला असेल.

संध्याकाळी तो येईल. ओरडेल, फोडेल काहीतरी. सासूबाई सांगतील, मला ऐकू आलं नाही, मी झोपले होते. ते खरंच आहे. त्यांना काय करणार तो! आणि परवा कप्पा उघडेल. वाच म्हणावं!

२९ तारीख, बुधवार, सकाळ

काल ताई नुसती रडत होती, बोलणं झालंच नाही. आज चहा घेताना म्हटलं, तुझ्या पत्रांमुळे सुटले गं.

"कसली पत्रं?"

तिला मेल उघडतासुद्धा येत नाही. मी जिवंत आहे का, हेच तिला माहीत नव्हतं.

पत्ते माऊसने खेळतात. मग ती खटखट कशाची?

शिवणयंत्र कुणाचं?

चावी, रिळं, मंगळवार. वाचलं की त्याला एका मिनिटात कळेल. दर पत्रात एकच मागितलं होतं त्यांनी. काढून टाक.

उद्या तीस.

ताई म्हणते, थांब, चौकीवरून पोलीसबाईंना घेऊन येते. त्या येतील तेव्हा येवोत. परतीची गाडी नऊची आहे. ठमी इथेच राहील. मी आईंना आणायला चाललेय.