दोन पट्ट्यांची लाल बॅग

अश्लेषा,

तू उठशील तेव्हा मी बाबांना घेऊन झाशीला इंदुताईंकडे निघालेली असेन. सासऱ्यांचं पथ्यपाणी कोण बघणार म्हणून डिस्क गोल्फच्या स्पर्धेतून नाव मागे घेऊ नकोस.

दारामागे नवी बॅग आहे. जुनीच्या एका पट्ट्याने खांदा भरून येतो, हे तू माझ्या शंतनूला सांगतेस, मला नाही. मी तुझ्या सगळ्या डिस्क घेऊनच पाटणकर बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, "आंटीजी, इतनी प्लेटें?" म्हटलं, "मेरी बहू फेंकती है." तर म्हणे, "आप पर?"

चमकणाऱ्या बॅगा सोडून ही घेतली. पट्टे रुंद आहेत, डिस्क ताटाळ्यातल्या ताटांसारख्या उभ्या राहतात, खाली ठेवली तर लवंडत नाही. भरून फूलबागेपर्यंत चालले, खांदा काही बोलला नाही.

मी खेळ बघायला आले त्या दिवशी तुझी डिस्क घारीसारखी कडुलिंबाला वळसा घालून टोपलीत उतरली. टोपलीच्या साखळ्यांची किणकिण अजून कानात आहे गं.

रंग मात्र मी निवडला नाही. "लाल घे, मैदानात आपली सून लांबून दिसेल," असं बाबा म्हणाले. तुझ्यासमोर या खेळाला अजून पोरखेळच म्हणतील. म्हणू दे.

आई