वखारीतला देव

प्रिय कुंडलिक,

तुझा तो देव अजून वखारीतच बसलाय आणि आम्ही बायका बाहेर. एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते. पण तू वाचून "बरं" म्हणशील आणि चहाला जाशील, म्हणून सगळं लिहिते. दोनदा महिपतीकडं निरोप धाडला. तो कारखान्यावर तुझ्याच चाळीत राहतो, तेव्हा निरोप पोचला नाही असं मला सांगू नकोस. त्यानं तुझं उत्तर आणलं, "आक्काला म्हनावं सवड झाली की येतो." अरे, कारखाना काय विलायतेत आहे? सकाळच्या मोटारीत बसलास तर दुपारच्या भाकरीला कळसच्या फाट्यावर उतरशील. भाऊबीजेला बनाला इथं सोडून गेलास त्यानंतर तुझं तोंड दिसलेलं नाही. तुझ्या बायकोला मी सांभाळते. तुझा देव मात्र मला सांभाळवत नाही.

तू विसरला असशील म्हणून आठवण देते. कारखाना आला, ऊस तिकडं जायला लागला, गुऱ्हाळं बंद पडली आणि शेटजींची गुळाची वखार ओस पडली. शेटजी बारामतीला राहायला गेले. मी त्यांच्या दारात जाऊन बसले, म्हटलं, नुसती उंदरं पाळण्यापेक्षा वखार वाडीला वापरायला द्या. त्यांनी किल्ली दिली. आपल्या वाडीत होतं काय? कालव्याचं पाणी वरकुट्याला पोचतं, आपल्याकडं येईस्तोवर त्याचा नुसता ओलावा उरतो. शाळा नाही, दवाखाना नाही, चार बायकांनी बसावं असा पार नाही. होता तो बाप्यांचा. आम्ही सात-आठ जणी लागलो कामाला. जमिनीला गुळाचा असला चिकटा की पाय उचलला की चर्र वाजायचं, आणि मुंगळे तर असे की उकळतं पाणी ओतून ओतून हात भाजले. चुना लावला. एका खणात जात्यांची जोडी मांडली. मधल्या खणात संध्याकाळी कळसचे मास्तर येऊन पोरं बसवणार असं ठरलं. आणि पार आतल्या, खिडकीच्या खणात बाळंतिणीची बाज.

ती बाज मंदाकिनीबाईंनी मागितली होती. त्या बारामतीहून दर पंधरवड्याच्या गुरुवारी येणाऱ्या नर्सबाई. लुगडं पांढरं, बोलणं माझ्याहून तिखट. वाडीत बाळंतपण म्हणजे गोठ्याशेजारची अंधारी खोली, खाली गोणपाट, आणि नाळ कापायला हाताशी येईल ते खुरपं. पोरं पाचवीच्या आत ताठ होऊन जायची आणि आपण म्हणायचं, सटवीनं नेलं. नर्सबाई म्हणाल्या, सटवी नव्हे, घाण. त्यांनी मांगवाड्यातल्या भिमाला हाताशी धरलं. भिमाच्या आईनं तुला-मला दोघांना बाहेर काढलं, हे तुला ठाऊक आहे. भिमा शिकली. कात्री उकळायची, नखं काढायची, हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे. सगळं तयार झालं आणि एक बाई आत यायला तयार होईना. कारण काय, तर तो हमाल. ढेपांच्या थप्पीखाली दबून मेला होता ना, तो म्हणे तिन्हीसांजेला गूळ मागतो.

तेव्हा श्रावणात तू रजेवर आला होतास. बायकांचं ऐकून हसलास. ओढ्यातनं एक गुळगुळीत धोंडा आणलास, शेंदूर-तेल फासलंस, दाराशेजारच्या कोपऱ्यात मांडलास, नारळ फोडलास आणि गावाला सांगितलंस, "म्हसोबा बसवलाय. आता भूत कळसच्या शिवंपतुर पळालं." दुसऱ्या दिवशी बायका आत. मी तेव्हाच म्हटलं होतं, चार महिन्यांनी भीती मोडली की धोंडा ओढ्यात टाकून दे. तू म्हणालास, "ऱ्हाऊ दे की गं आक्का, तुझं काय खातोय का?"

खातोय, कुंडलिका. अख्खी वखार खाल्ली त्यानं.

पहिल्यांदा सगळं चांगलं चाललं. कार्तिकात धोंडाबाईची सून तिथं बाळंत झाली. पोरगी झाली, जगली, आता रांगते. भिमा आत यायची म्हणून दोन-चार जणींनी नाकं मुरडली, पण धोंडाबाईनं सगळ्यांसमोर भिमाच्या हातचं पाणी पिऊन तोंडं बंद केली. मांगवाड्यातली पोरं आधी ओसरीवर बसायची, मग पावसाच्या सरीनं आत आली, आणि मास्तरांनी बाहेर जा म्हटलं नाही. शनिवारी मास्तर वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे. बाप्येसुद्धा पार सोडून यायला लागले. तिथंच रावजी पाटलाच्या पोटात दुखलं.

पौषात त्याचा बैल मेला. देवऋष्यानं सांगितलं, म्हसोबाला विटाळ झालाय. झालं! दुसऱ्या दिवशी रावजी चार माणसं घेऊन दारात. "चंद्राबाई, हितं देव हाय. बाळंतीन न्हाय चालायची, कावळा शिवलेली न्हाय चालायची, आन् मांगीन तर उंबऱ्याच्या आत न्हायच चालायची." मी म्हटलं, रावजी, देव माझ्या भावानं ओढ्यातनं आणलाय, मी डोळ्यांनी बघितलंय. तर म्हणतो, "देव कुठनं बी येतो. एकदा बसला की बसला." त्यानं किल्ली काढून घेतली. आता दर अमावस्येला नारळ फुटतात, बोकड पडतो, आणि आमच्या बाजेच्या खणात रावजीचा कडबा रचलाय. बाळंतिणीनं देव बाटतो, पाटलाच्या कडब्यानं बाटत नाही. दळायची जाती बाहेर उन्हात पडलीत. मास्तर येईनासे झाले.

फाल्गुनात शेवंता अडली. तिची आई तिला धरून वखारीच्या दारापर्यंत घेऊन आली. कुलूप. देवाच्या दारात मांगीण नको म्हणून भिमा दहा हातांवर उभी राहून ओरडून सांगत होती असं कर, तसं कर. रस्त्यात पोर झालं. कुणीतरी विळा दिला. पोर तीन दिवसांनी ताठ झालं. शेवंताची आई वखारीकडं बघून थुंकते आणि मग देव आठवून स्वतःच्याच थोबाडीत मारून घेते. हे मी रोज बघते.

तू म्हणशील, मग तूच का उचलत नाहीस आक्का? मी भीत नाही. पण बाईमाणसानं हात लावला तर देव बाटला म्हणून तेच लोक वखारीला काडी लावतील आणि शेटजी मला दारात उभं करणार नाहीत. म्हणून मी चावडीवर गेले. सगळ्यांसमोर रावजीला विचारलं, देव हलवायचा झाला तर कुणी हलवायचा? तो बोलून गेला, "ज्याच्या हातानं शेंदूर लागला त्याच्याच हातानं हलतो, ही रीतच हाय. तुझ्या भावाला आन हितं, मग बघू!" आणि हसला. गुरव होता, मास्तर होते, वीस माणसं होती. सगळ्यांनी मान डोलावली. तू येणार नाहीस, अशी त्याची खात्री आहे. तुझ्याबद्दल परक्या माणसाला एवढी खात्री वाटावी, याची मला लाज वाटते. तू आलास, नारळ फोडलास, "देवा, चल आता ओढ्याला" म्हणून धोंडा उचललास, तर रीतीनं एक तोंड उघडणार नाही. रावजीला स्वतःचा शब्द गिळावा लागेल. तासाभराचं काम आहे.

बना बरी आहे, हे तू विचारलं नाहीस तरी लिहिते. विहिरीवर मी जाऊ देत नाही, पाणी मी आणते. गोठ्याकडची खोली तिनं सोडली, माझ्याजवळ स्वयंपाकघरात निजते. चुलीची भाजकी माती मोडून खाते, मी ओरडले तर पदराआड लपवते. तुझं नाव काढत नाही. तुझा जुना सदरा उशाशी असतो.

आता जे मनात ठेवून एवढं लिहिलं ते. महिपती परवा सांगत होता, वरकुट्याच्या मामांनी तुला मुलगी दाखवली आणि ज्येष्ठ सरायच्या आत उरकायचं म्हणतात. बनाला दोन झाली आणि दोन्ही गेली, तिची कूस वाईट, असं तू त्यांच्यासमोर म्हणालास. दोन्ही त्याच गोठ्याच्या खोलीत झाली, कुंडलिका, आणि दोन्हींची नाळ मी दिलेल्या विळ्यानं कापली होती. कूस काय करील? ती पुन्हा गरोदर आहे. आठवा सरत आलाय. दिवाळीत तू सोडून गेलास तेव्हा तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. कळल्यावर तिनं मला गळ्याची शपथ घातली, "वन्सं, जगलं तर कळवा, न्हायतर त्यांना कळूच नका देऊ." ती शपथ आज मी मोडली. ती म्हणते, मी त्या खोलीत पुन्हा निजणार नाही, त्यापेक्षा ओढ्यात जाईन. नर्सबाईंनी तपासलं, बाळ आडवं आहे म्हणाल्या, बाज पाहिजे, उजेड पाहिजे, भिमा पाहिजे, आणि मी स्वतः येऊन राहीन, पण कुलपाबाहेर नाही. सोयरीक करायची की नाही ते तुझं तू बघ, तेवढं सांगायला मी आई नाही. पण त्याआधी इथं येऊन तू बसवलेला देव उचल. येत्या गुरुवारी नर्सबाई येणार आहेत. बुधवारी दिवस मावळायच्या आत तू ये, नाहीतर येत नाही असं स्वतःच्या हातानं लिहून महिपतीकडं दे. बुधवारपर्यंत दोन्हींतलं काहीच आलं नाही, तर गुरुवारी सकाळी बना, भिमा आणि मी, तिघी मिळून कुलूप फोडून तो धोंडा बाहेर काढणार. मग वाडी काय करायचं ते आमच्या तिघींचं आणि पोटातल्याचं करील. उत्तर बुधवारी.

तुझीच,
आक्का