रिकाम्या टाकीचा दाब

१० फेब्रुवारी

आज रुजू झाले. नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात पाच वर्षं कॉम्प्रेसरपाशी काढल्यावर लोणावळ्याचं हे आरोग्यकेंद्र म्हणजे चैनच. बाग, मोठ्या खिडक्या, दुपारी गरम जेवण. माझ्याकडे ऑक्सिजनची टाकी आहे. पोलादी, माणूस आडवा मावेल एवढी, डोक्याशी जाड काच. पाहुणा आत झोपतो, मी हवेचा दाब चढवते, तासाभराने उतरवते. डॉक्टरांच्या कागदावर दाब बार या एककात असतो आणि टाकीच्या आतबाहेरचे गेज, म्हणजे दाबमापक, जुने, पीएसआयचे. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. मालकीण शुभदा मॅडम म्हणाल्या, प्रतीक्षा, हे गणित जमणारं माणूस मी शोधतच होते. सफाईच्या सरूमावशी जवळच्या औंढे गावच्या. चहा त्यांनी दारातूनच दिला, टाकीच्या खोलीत आल्या नाहीत.

१२ फेब्रुवारी

माझ्या आधीच्या राजेंद्रची वही चाळली. कागदावर ‘एकूण दाब दोन बार’ असेल तिथे त्याने गेज एकोणतीसवर नेलाय. चूक आहे. एकूण दाबात बाहेरच्या हवेचा जवळजवळ एक बार धरलेला असतो, गेजवर पंधराच हवे. मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, जुनं उकरू नकोस, पुढे नीट कर.

शेवटची नोंद लीलाबाई नावाच्या पाहुणीची. चढवल्याची वेळ आहे, उतरवल्याची नाही.

१३ फेब्रुवारी

सरूमावशींना विचारलं. फडकं बादलीत पिळलं. मग म्हणाल्या, “लय ठोकत हुती बाय आतनं. राजेंद्र म्हनला, आकडा बराबर हाय.”

झाकण उघडलं तेव्हा लीलाबाई गेलेल्या होत्या. घरच्यांना हृदयविकार सांगितला. राजेंद्र दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

१५ फेब्रुवारी

सकाळी टाकी रिकामी आणि गेज एकोणतीसवर. झडप उघडली, हवा सुटली, काटा शून्यावर. जेवून आले तर पुन्हा एकोणतीस. कॉम्प्रेसरची पिन भिंतीतून काढलेली होती.

१६ फेब्रुवारी

बाहेरचा गेज बदलला. नवा बारचा. त्यावर दोन. आकडा बदलला, दाब तोच —

दुपारी आतून ठोकल्याचा आवाज. सरूमावशींनीही ऐकला. झोप नाही. बसवत नाही, उभं राहवत नाही.

१७ फेब्रुवारी

उद्या दहाला नूरमहंमद चाचा या पाहुण्यांची टाकीतली वेळ. मॅडम रद्द करत नाहीत. मीच चाचांना फोन केला, येऊ नका म्हटलं. गुडघ्यांना आराम पडेल, येतोच, म्हणाले.

१८ फेब्रुवारी, सकाळी नऊ

चाचा यायच्या आधी मीच टाकीत जाऊन बघते, वही घेऊन. हवेची नळी सोडवली आहे. सरूमावशी बाहेर उभ्या आहेत, कशाबशा.

आत आहे. झाकण लागलं. मी नाही लावलं —

कान. आतला गेज, पीएसआयचाच, सात. दहा. झाकण आत उघडतं, दाबाने घट्ट बसलंय — ओढवत नाही —

ठोकतेय. मावशी बाहेरच्या गेजवर बोट ठेवून खुणावताहेत. शून्य.

इथे एकवीस. मानेवर कुणाचा तरी श्वास —

चाचा लवकर आले. काचेतून हसताहेत. हातानेच विचारताहेत, बरं वाटतंय ना. मी मान हलवतेय, नाही, चाचा, तुम्ही इथे झोपू नका —